माशांच्या टाकीचा तळ: खडी आणि वाळू कशी धुवावी, कशी राखावी

नवी टाकी घरी आली की सगळ्यांचं लक्ष माशांवर, दिव्यावर आणि मागच्या पोस्टरवर जातं. तळाची खडी म्हणजे शोभेची वस्तू, असं आपण धरून चालतो. नव्या माणसाला मला पहिली गोष्ट सांगायची आहे ती हीच, की टाकीतली सगळ्यात कामाची जागा तळाची आहे. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं हे सगळं खाली जाऊन बसतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. मासे कल्ल्यांतूनही अमोनिया सोडतच असतात. हा अमोनिया माशांना विषारी. खडीच्या दाण्यांवर जे जिवाणू वस्ती करतात, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, पण नायट्रेट थोड्या प्रमाणात मासे सहन करतात आणि पाणी बदललं की ते कमी होतं. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त.

तेव्हा तळ साफ करायचा म्हणजे गाळ काढायचा आणि जिवाणू राखायचे. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं यातूनच निघतं. महिन्या-दोन महिन्यांनी टाकी पूर्ण रिकामी करून, खडी नळाखाली चोळून धुण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. टाकी त्या दिवशी चकचकीत दिसते, आणि दोन-चार दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. दोष माशांच्या जातीला दिला जातो. खरं तर नळाच्या क्लोरिनने आणि चोळण्याने जिवाणूंची वस्ती गेलेली असते आणि अमोनिया खाणारं कोणी उरलेलं नसतं.

तळाला काय घालावं

सुरुवात करणाऱ्यासाठी ३ ते ५ मिलिमीटरची गोल, न रंगवलेली खडी सगळ्यात सोयीची. दाणे यापेक्षा मोठे असले तर मधल्या फटींत खाणं पडून कुजतं आणि माशांची तोंडं तिथवर पोचत नाहीत. फार बारीक असले तर थर घट्ट बसतो. २ फूट लांब आणि १ फूट रुंद टाकीत ५ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन इंचांचा थर करायचा तर ९ लिटर खडी लागते, वजनाने १३-१४ किलो. वाळू घालणार असाल तर इंच-दीड इंचाच्या वर जाऊ नका.

आपल्या बेळगाव भागात खडी-वाळू फुकट मिळण्याच्या जागा पुष्कळ दिसतात, आणि नेमकी तिथेच काळजी घ्यावी लागते. घराशेजारी बांधकाम चालू असलं की एम-सँडचा ढीग हाताशी असतो. ती दगड फोडून केलेली वाळू. कडा धारदार, बारीक भुकटी भरपूर. तळ उकरणाऱ्या कोरीसारख्या माशांच्या मिशा तिने झिजतात आणि पाणी कित्येक दिवस गढूळ राहतं. खानापूर बाजूचा जांभा दिसायला सुंदर, पण त्याचे तुकडे पाण्यात लाल माती सोडत राहतात. यादवाड-लोकापूरच्या पट्ट्यात चुनखडक आहे, सिमेंटचे कारखाने तिथे त्यामुळेच आले. तिकडून आणलेला गोटा टाकीत चुना सोडून पाणी जड करतो. फरशीवाल्याकडचे संगमरवराचे पांढरे तुकडेही तेच करतात. कुठल्याही अनोळखी दगडावर चार थेंब व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले, फसफस झाली, तर तो दगड बागेत ठेवा. मॉली आणि गप्पी जड पाण्यात मजेत राहतात, टेट्रा आणि एंजल मात्र कुढतात. अथणी-चिकोडीकडे घरात बोअरचंच पाणी असेल आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल, तर पाणी आधीच जड आहे. त्यात चुन्याची भर नको.

रंगीत खडी मुलांना आवडते हे खरं. घ्यायचीच असेल तर मूठभर खडी ग्लासभर पाण्यात दोन दिवस ठेवा. पाण्याला रंग उतरला तर टाकीत घालू नका.

पहिली धुलाई

नवी खडी मात्र कडक धुवायची, कारण तिच्यावर राखावं असं अजून काहीच नसतं. बादलीत एका वेळी दोन-तीन किलोच घ्या, पाणी सोडा, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओता. पाणी नितळ येईपर्यंत हेच. खडीला सात-आठ पाणी पुरतात, वाळूला पंधरा लागले तरी कंटाळू नका. साबण, डिटर्जंट, भांड्यांची पावडर अजिबात नको. आधी साबणाला लागलेली बादलीही नको. टाकीच्या कामाची एक बादली वेगळी ठेवा आणि तिच्यावर मार्करने लिहा, नाहीतर पुढच्या सणाला तिच्यात कपडे भिजतात.

निर्जंतुक करायला दगड गॅसवर उकळू नका. आत ओल अडकलेला दगड तापून फुटू शकतो. वरून उकळतं पाणी ओतून निवू द्या, तेवढं पुरे.

सामान

सायफन पाईप लागतो, म्हणजे एका टोकाला चार-पाच सेंटिमीटर रुंद नळकांडं आणि त्याला जोडलेली पातळ नळी. माशांच्या दुकानात सहज मिळतो. छोट्या टाकीला घरीच करायचा तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा तळ कापा आणि तोंडाला नळी घट्ट बसवा. शिवाय ती राखीव बादली, अँटीक्लोरीनची (पाण्यातला क्लोरिन मारणाऱ्या औषधाची) बाटली, एक जुना टॉवेल. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासायचं किट घ्यायची ऐपत असेल तर जरूर घ्या. पहिले दोन आकडे शून्य हवेत, तिसरा ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भाग) खाली.

आठवड्याचं काम

आदल्या दिवशी बदलाच्या पाण्याची तयारी करून ठेवा. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी क्लोरिन घालून येतं. जिथे रोज पाणी येत नाही तिथे ते संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, साठतं, आणि झाकलेल्या संपमधून क्लोरिन लवकर उडून जात नाही. बादलीत पाणी काढून २४ तास उघडं ठेवा, किंवा अँटीक्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. मी दोन्ही करायला सांगतो, विशेषतः उन्हाळ्यात, कारण त्या दिवसांत टँकरच्या किंवा नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येतो हे सगळ्यांनीच अनुभवलेलं आहे. विहिरीच्या पाण्यात क्लोरिन नसतो, पण गल्लीतल्या विहिरीत पावसाळ्यापूर्वी ब्लिचिंग पावडर टाकली जाते. टाकली असेल तर आठवडाभर ते पाणी टाळा.

कामाला हात घालण्याआधी हीटर, फिल्टर आणि दिवा, तिन्हींचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी उतरल्यावर तापलेला हीटर उघडा पडला तर काच तडकते. हाताला जखम असेल तर रबरी हातमोजा घाला. टाकीच्या पाण्यातले काही जंतू जखमेतून शिरून चिघळतात.

आता सायफन. बादली टाकीच्या खाली, जमिनीवर. पुष्कळ लोक नळी तोंडाने ओढतात. तसं करू नका, गाळाचं पाणी तोंडात जातं. नळी आणि नळकांडं दोन्ही टाकीत पूर्ण बुडवा, आतली हवा बाहेर जाऊ द्या, नळीचं टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढा, बादलीत धरा आणि अंगठा सोडा. पाणी आपोआप वाहू लागतं.

नळकांडं खडीत सरळ उभं खुपसा, तळाच्या काचेपर्यंत. खडी आत उसळू लागते, तिच्यातून तपकिरी गाळ सुटून वर जातो आणि खडी मात्र जड असल्याने नळकांड्यातच घोळत राहते. ही घटका जरा नीट बघा, सगळी मेख इथे आहे. प्रवाह जोरात असेल तर खडी नळीच्या तोंडापर्यंत चढते. अशा वेळी खालची नळी बोटांत चिमटून प्रवाह कमी करा. आतलं पाणी फिकट झालं की नळी क्षणभर पूर्ण दाबा, खडी खाली पडते. नळकांडं उचला आणि शेजारी, त्याच्याच रुंदीएवढ्या अंतरावर पुन्हा खुपसा. शेतात पाभर चालवताना जसं एक तास संपला की त्याला लागून दुसरा धरतात, तसं ओळीने जायचं. इकडे एक खड्डा, तिकडे एक खड्डा असं केलं की अर्धा गाळ जागच्या जागी राहतो.

एका आठवड्याला तळाचा तिसरा हिस्साच. मनातल्या मनात टाकीचे डावा, मधला, उजवा असे भाग करा आणि दर रविवारी एक घ्या. पाणीही एकूण चतुर्थांशच काढायचं. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास पाणी असतं, म्हणजे ११-१२ लिटर काढा. साधी बादली भरत आली की थांबा. तळ अजून मळका दिसत असला तरी थांबा. उरलेलं पुढच्या रविवारी.

त्याच आठवड्यात फिल्टरचा स्पंज धुऊ नका. जिवाणूंची दुसरी मोठी वस्ती तिथे असते आणि दोन्हीकडे एकदम हात लावला की टाकी उघडी पडते. स्पंजाची पाळी आली की तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, नळाखाली नाही.

नवं पाणी ओतताना तापमान जुळवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बोटं बधिर करतं, एप्रिलमध्ये दुपारी तेच पाणी हाताला चटका देतं. थर्मामीटरने दोन्हीकडचं मोजा, फरक २ अंशांच्या आत आणा. आणि थेट धार सोडू नका. तळावर एक बशी ठेवा आणि तिच्यावर हळूहळू ओता, नाहीतर बसवलेली खडी उखडते आणि उरलेला गाळ पुन्हा वर येतो.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं, जास्वंद आणि गुलाब त्यावर तरारतात. औषध किंवा मीठ घातलेलं असेल तरच ते झाडांना नको.

शेजारच्या काकू हे सगळं बघून एकदा म्हणाल्या, "पाणी चांगलं दिसतंय की, मग दर आठवड्याला कशाला ही दगदग?" त्यांना मी नुसतं नळकांडं खुपसून दाखवलं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या खडीतून चहाच्या रंगाचं पाणी बादलीत उतरलं, आणि काकूंनी आपल्या नातवाच्या टाकीसाठी नळी कुठे मिळते ते विचारून घेतलं.

वाळू, झाडं आणि तळाखालची प्लेट

वाळूत नळकांडं खुपसायचं नाही, ती सगळी ओढली जाते. एक-दोन सेंटिमीटर वर धरून गोल फिरवा. गाळ हलका असल्याने वाळूच्या वरच बसतो आणि तेवढाच उचलला जातो. पंधरवड्यातून एकदा स्वच्छ काडीने किंवा बोटांनी वाळू हलकेच उकरा, म्हणजे ती घट्ट बसत नाही. वाळूत शिरून राहणाऱ्या बारीक, टोकदार शंखाच्या गोगलगायी हे काम रात्रभर करतात. खाणं जास्त पडलं की त्यांची पैदास मात्र हाताबाहेर जाते.

झाडं लावलेली असतील तर मुळांजवळ उकरू नका. गाळ हेच त्यांचं खत. मोकळ्या जागेतून आणि पानांच्या वरून सायफन फिरवला की झालं. झाडांसाठी मिळणारी दाणेदार काळी माती घातली असेल तर तिला सायफन अजिबात खुपसू नका, दाणे फुटून चिखल होतो.

आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत खडीखाली प्लास्टिकची जाळीदार प्लेट आणि कोपऱ्यात हवेची नळी असते. ही पद्धत चांगली चालते, पण पाणी खडीतूनच खाली खेचलं जात असल्याने गाळ लवकर साचतो. अशा टाकीत आठवड्याचं काम चुकवून चालणार नाही. वर्षातून एक-दोनदा हवेच्या उभ्या नळीतून पातळ नळी खाली सोडून प्लेटखालचं पाणीही ओढून घ्या.

काळे डाग आणि अंड्याचा वास

काचेला लागून खडीत काळे पट्टे दिसले आणि उकरल्यावर कुजलेल्या अंड्याचा वास आला, तर तिथे प्राणवायू पोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय असं समजा. एखाद-दुसरा बुडबुडा निघाला म्हणून घाबरू नका, वर हवा खेळती असेल तर तो वायू लवकर निष्प्रभ होतो. धोका आहे तो सगळा काळा थर एकदम उकरण्यात. हवेचा पंप जोरात लावा, दर दोन-तीन दिवसांनी तळहाताएवढी जागा सायफनने काढा, आणि थर दोन इंचांपेक्षा जाड असेल तर वरची खडी थोडी थोडी कमी करा.

पांढरे, केसासारखे किडे काचेवर वळवळताना दिसले तर ते माशांना काही करत नाहीत. पण ते सांगतात की खाणं जास्त पडतंय. दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि येणारं प्रत्येक मूल माशांना चिमूटभर घालतं. त्या दिवसांत डबा उचलून कपाटात ठेवा.

खडीवर हिरवट-निळा बुळबुळीत पापुद्रा चढला तर तो चोळू नका, पसरतो. सायफनने अख्खा ओढून घ्या आणि खिडकीचं ऊन टाकीवर येत असेल तर पडदा लावा. नव्या टाकीतला तपकिरी थर मात्र काही आठवड्यांत आपोआप जातो.

सकर मासा गाळ खातो म्हणून घ्या, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो काचेवरचं शेवाळ खातो, विष्ठा मात्र भरपूर टाकतो, आणि फूटभर वाढतो. दोन फुटी टाकीत त्याला आणणं त्याच्यावरही अन्याय आहे.

पावसाळा आणि गेलेली लाईट

जून ते सप्टेंबर खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस काय असतो ते सांगायला नको. लाईट गेली की तासन्‌तास येत नाही. फिल्टर बंद पडला की तळाच्या गाळातले जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवत राहतात. जितका गाळ जास्त तितका मासा लवकर गुदमरतो. म्हणून मे महिनाअखेर तळाचे तिन्ही भाग नेमाने झालेले असावेत, आणि घरात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असावा. तो नसेल तर मगने पाणी काढून उंचावरून परत ओतत राहा. लाईट नसताना खाणं घालू नका, तळ उकरू नका. चार-सहा तासांहून जास्त वेळ डब्याचा बंद फिल्टर थांबला असेल तर चालू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी ओता, कारण ते थेट टाकीत गेलं तर घात होतो.

नळाचं पाणी गढूळ येत असेल त्या आठवड्यात बदल पुढे ढकला, किंवा पाणी दोन दिवस निवळू देऊन वरचंच घ्या.

पार दुर्लक्षित टाकी, किंवा खडीच बदलायची असेल तर

कोणाची जुनी टाकी तुमच्या गळ्यात पडली आणि तळ वर्षभर हलवलेला नसेल, तर उत्साहाने एका दिवसात सगळं उपसू नका. आधी दोनदा नुसतं पाणी बदला, चतुर्थांश-चतुर्थांश, चार-पाच दिवसांच्या अंतराने. मग आठवड्याला एक छोटी पट्टी, नळकांड्याच्या दोन-तीन रुंदीची. दीड-दोन महिने जातील, जाऊ द्या. मासे त्या गाळाच्या पाण्याला सरावलेले असतात, एकदम झालेला बदल त्यांना सोसत नाही.

खडी बदलायची तर जुन्यातली एक-दोन किलो पातळ जाळीच्या पिशवीत किंवा जुन्या स्वच्छ मोज्यात भरून नव्या खडीवर महिनाभर ठेवा. जिवाणू तिच्यावरून नवीवर जातात. या काळात फिल्टरला हात लावू नका आणि खाणं निम्म्यावर आणा. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर लगेच चतुर्थांश पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

काढलेली खडी, गोगलगायी आणि झाडं किल्ला तलावात, मार्कंडेयेत किंवा गावच्या तळ्यात टाकू नका. सकर मासा आणि टाकीतली झाडं बाहेरच्या पाण्यात फोफावतात आणि आपल्याकडच्या देशी माशांची जागा घेतात. खडी गच्चीवर कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा, गोगलगायींची अंडीही त्यात मरतात. मग गोणीत भरून ठेवा. दुसरी टाकी लावाल तेव्हा ती नुसती धुऊन वापरता येते.